बाबांचे हात खिशात असतात

प्रिय भिंगरी,

तू कॅप्टन होणार ही बातमी मी कुणाकुणाला सांगितली ते विचारूच नकोस. दूधवाल्याला सांगितली, टपाल कचेरीतल्या बाईंना सांगितली, आणि दातांच्या डॉक्टरांना तर तोंडात कापूस कोंबलेला असताना सांगितली. त्यांना काही कळलं नसावं, कारण ते म्हणाले की आज गरम काही पिऊ नका. खांद्यावरची चौथी पट्टी म्हणजे काय, हे आता आपल्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक झालंय. वरून विमान गेलं की मी हातातलं ओलं फडकं तसंच धरून दारात येते. तू त्यात नाहीस, तुझी कंपनी या बाजूला फिरकतसुद्धा नाही, हे मला कळतं गं. पण मान वर जातेच. शेजारीण म्हणते, पाळकीणबाई, एक दिवस पायरी चुकाल आणि पडाल. पडेन तर पडेन, माझ्या मुलीकडे बघताना पडले म्हणून सांगेन.

तुला वाटेल, फोन सोडून आई पत्र काय लिहीत बसलीय. अगं, फोन बैठकीच्या खोलीत, बाबांच्या खुर्चीला चिकटून, आणि आपल्या घराच्या भिंती अशा की मी इकडे मनात बोलले तरी तिकडे ऐकू जातं. शिवाय फोनवर तू बोल आई म्हणालीस की माझं सगळं गाडं जेवलीस का, झोपलीस का यावर येऊन थांबतं. आत्ता बाबा घड्याळजीकाकांच्या दुकानात जाऊन बसलेत. रोज दुपारी जातात. काका डोळ्याला भिंग लावून काम करतात आणि बाबा समोर स्टुलावर गप्प बसतात. काकांना ऐकू येत नाही, त्यामुळे एवढी घड्याळं टिकटिक करतात आणि ती ऐकणारे तिथे एकटे बाबाच, असं काकांनीच मला हातांनी सांगितलं आणि पोट धरून हसले.

त्या रविवारी तू फोनवर जे बोललीस ते मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकलं. बाबांना हल्ली रिसीव्हर धरवत नाही, म्हणून आवाज मोठा करून ठेवतात. महिनाअखेरीला कंपनीला उत्तर द्यायचंय म्हणालीस. कॅप्टनची खुर्ची घेतली की काही वर्षांचा करार, राहायचंही लांब, मध्येच सोडून येता येणार नाही. आणि मग म्हणालीस की बाबांच्या जागी पाळक म्हणून उभं राहायला कुणीच नसेल तर तू ती खुर्ची घेणार नाहीस, राजीनामा देऊन आपल्या चर्चच्या मंडळीचं काम करायला इकडे येशील. किती सहज बोललीस. जणू भाजी संपलीय, येताना आणते. मी हातातला चहा ओट्यावर ठेवला आणि दाराजवळ सरकले. बाबा मात्र शांतपणे म्हणाले की त्याची काही गरज नाही, नवीन माणूस मिळालाय. तरुण आहे, बायकोसुद्धा हातांची भाषा शिकलेली आहे, लवकरच येतायत. चष्मा आहे म्हणाले. तू एवढा मोठा श्वास सोडलास की मला दारापर्यंत ऐकू आला. त्याच आठवड्यात तू नव्या कोटाचं माप दिलंस आणि मला फोटो पाठवलास. तो मी फ्रिजवर लावलाय.

तेव्हा आधी अभिनंदन, पोरी. अगदी पोटातून. हे आधी लिहून टाकू दे.

तुला मी नेहमी गमतीने सांगत आले की तुझ्या बाबांना पाचारण झालं आणि मी सामानाबरोबर आले. पोलिसांना पाचारण करतात, अग्निशामक दलाला पाचारण करतात, तसं देवाने तुझ्या बाबांना केलं. मला कुणी साधी हाकसुद्धा मारली नाही. लग्न झालं तेव्हा हे केवढे हुशार म्हणून नावाजलेले. आणि आवाज! प्रवचनाला उभे राहिले की मागच्या बाकावर डुलक्या काढणारेही ताठ बसत. धर्मशिक्षणाच्या मोठ्या महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून यांना बोलावलं होतं. राहायला बंगला होता. मी स्वतः जाऊन तिथल्या खिडक्यांची मापं घेतली, कापड आणलं आणि पडदे शिवूनही ठेवले. मग एका रविवारी कुणाच्या तरी जागी म्हणून हे या मंडळीत उपासनेला आले. आधीचे पाळक सोडून गेलेले, पण ही मुकी-बहिरी माणसं दर रविवारी यायची, बाकांवर बसायची आणि उठून घरी जायची. गाणं सुरू झालं तेव्हा पुढची माणसं उठली आणि पेटीला हात लावून उभी राहिली. लाकूड थरथरतं ते तळव्याला कळतं ना, म्हणून. मग यांनी त्या नावाजलेल्या आवाजात भलंमोठं प्रवचन दिलं. सगळे अगदी अदबीने यांच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी घड्याळजीकाका पुढे आले, तेव्हा तरुण होते, यांचा हात हातात घेतला, यांच्या ओठांकडे बोट दाखवलं आणि हसून मान हलवली. काही समजलं नाही, पण तुम्ही चांगले दिसता, असा त्याचा अर्थ होता हे यांना पुढे कळलं.

घरी येऊन हे जेवले नाहीत. मग महाविद्यालयाला नकार कळवला. ती जागा तुझ्या मावशीच्या यजमानांना मिळाली, ते यांच्याच वर्गातले. आज ते सगळ्या मंडळ्यांचे प्रमुख आहेत, मोटार आहे, ड्रायव्हर आहे, मावशीच्या बोलण्यात आमचे हे म्हणाले, आमचे ते म्हणाले, सगळं आहे. मी भांडले नाही असं समजू नकोस. भांडले, रडले, अबोला धरला. पण अबोला धरून उपयोग काय, यांना तर तेव्हा न बोलण्याचीच गोडी लागली होती. आरशासमोर उभे राहून बोटं वळवत बसायचे. ज्या माणसाचं सगळं आवाजावर, तो आवाज घरी ठेवून कामाला जायला लागला. मी हात टेकले. ते पडदे या घराला लांब झाले, खालून दुमडून शिवले, आणि आम्ही इथे राहिलो.

आणि तू झालीस. तू तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोललीस हे तुला किती वेळा सांगितलं तरी तू पुन्हा सांग म्हणायचीस. शाळेत बाईंची तक्रार आली होती की तुमची मुलगी वर्गात गप्प असते पण सगळा वर्ग तिच्यामुळे हसतो. मंडळीतल्या कुणाला दवाखान्यात जायचं असलं, कचेरीत, पोलीस चौकीत, की बाबा सोबत जायचे आणि तू त्यांचा कोट धरून मागे. मला ते बघवत नसे. तुझी बोटं इतकी झरझर चालायची की बाबासुद्धा तुला विचारायचे. मी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, नवरा दिला देवाला, तो पुरे झाला. मुलगी माझी. हिने शिकायचं, मोठं व्हायचं, हिला चारचौघांनी उठून मान द्यायचा. तू विमान चालवायचं म्हणालीस तेव्हा बाकीच्या आया घाबरल्या असत्या. मी नाही घाबरले. म्हटलं, जितकी वर तितकी इथून लांब.

बाबांच्या कंपवाताचं तुला ठाऊक आहे, पण त्या आजाराने आमच्या मंडळीत काय काय केलं ते आम्ही तुला सांगितलेलं नाही. फोनवर बाबा नेहमी बरा आहे म्हणतात आणि मी मागून हो म्हणते. तुला ही भाषा माझ्यापेक्षा जास्त येते, तरी लिहिते, कारण मला ती आत्ता कुठे कळतेय. हात एकदा फिरला की गोष्ट एकदा झाली. परत परत फिरला की परत परत झाली. मग थरथरणाऱ्या हाताने माणसाने एकदाच कसं म्हणायचं? बाबांना एकदाच म्हणता येईनासं झालं. देवाने क्षमा केली म्हणायला ते एका तळव्याने दुसरा तळवा पुसायचे, आणि हात थांबेचना, पुसतोय, पुसतोय, पुसतोयच. लोकांना वाटलं, देव परत परत क्षमा करतो असं पाळक सांगतायत. घड्याळजीकाका मला म्हणाले की पाळक आजारी पडल्यापासून त्यांचा देव फार प्रेमळ झालाय. मी बाबांना हे सांगितलं तेव्हा ते किती दिवसांनी खळखळून हसले! मीही हसले. आम्हाला वाटलं, चला, हा आजारसुद्धा कामाला लागला.

आता शिंपीणबाईचं सांगते. ती आली तेव्हा तू गेलेली होतीस, त्यामुळे तुझी तिची ओळख नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात मागच्या बाजूला मशीनवर बसते, कपड्यांची लांबी कमी करायची, चेन बदलायच्या, अशी कामं. एकटी आहे. जन्मापासून ऐकू येत नाही, आणि घरच्यांनी शाळेत घातलीच नाही, त्यामुळे लिहिता-वाचता येत नाही आणि हातांची भाषाही येत नव्हती. एवढी मोठी बाई, पण तिच्याजवळ एक शब्द नव्हता. ते सगळे बाबांनी दिले. बटण, दोरा, उद्या, आई, देव, सगळं. पण तोवर बाबांचे हात थरथरायला लागले होते गं. तिने शब्द तसेच उचलले. तिच्या हाताला काही झालेलं नाही, ठणठणीत आहे, सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते. पण देव म्हणताना तिचा हात थरथरतो. तिला वाटतं, तो शब्दच तसा आहे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. बाबांनीही बघितलं.

तिच्या छातीत धडधड व्हायला लागली म्हणून बाबा तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी गोळी दिली, दिवसातून एकदाच घ्यायची, चुकवायची नाही. बाबांनी तिला तेच सांगितलं. मला शपथेवर विचारलंस तरी मी सांगेन की त्यांनी तेच सांगितलं. पण हात तोंडाकडे गेला आणि थांबला नाही. आणि चुकवायची नाही हे त्यांनी अगदी जोर देऊन सांगितलं. तिने मान डोलावली. तिला सांगणाऱ्याचा हातच नेहमी तसा, मग एकदा कुठलं आणि अनेकदा कुठलं हे तिने ओळखायचं कशावरून? घरी जाऊन ती धडधड झाली की गोळी, परत वाटलं की गोळी, असं करत राहिली. सांगितल्याप्रमाणेच वागतेय अशा समजुतीत. दुकानदाराने मागे जाऊन बघितलं तर मशीनवर डोकं टेकून पडलेली. एका गिऱ्हाइकाची अर्धी शिवलेली बाही सुईखाली तशीच.

वाचली. देवाची कृपा, वाचली. पण मोठ्या डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं की हिला औषध समजावलं कुणी. त्यांचा आवाज काही चढलेला नव्हता. बाबांनी, शाळेत उत्तर द्यायला करतात तसा, हात वर केला. आणि तो हात सगळ्यांसमोर हलत राहिला. डॉक्टर त्या हाताकडे बघत राहिले आणि आत निघून गेले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. मी बाजूलाच होते, आणि मला तो हात खाली ओढायचंही सुचलं नाही.

त्या दिवसापासून बाबांचे हात खिशात असतात. जेवताना काढतात, ते चमच्यापुरते. रविवारी उपासनेला येतात, पहिल्या बाकावर कोट घालून बसतात, हात खिशात. पुढे घड्याळजीकाका उभे राहतात आणि चांगलं चालवतात, त्यात काही खोट नाही. शास्त्रपाठ करतात, प्रार्थना करतात. पण आमेन म्हणायच्या वेळी सगळ्यांचे हात वर जातात आणि पहिल्या बाकावर दोन हात वर जात नाहीत. शिंपीणबाई बरी होऊन आल्यावर त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि स्वतःच्या गालात मारून घेतल्यासारखं करून चूक माझी, चूक माझी म्हणत राहिली. बाबांनी नुसती मान हलवली. तिला वाटलं पाळक तिच्यावर रागावले. मी तिला समजवायला गेले, तर माझी भाषा ही अशी, मीठ, चहा, बस, जेवलीस का, थंडी आहे, एवढीच. इतक्या वर्षांत मी तेवढीच शिकले. स्वयंपाकघरापलीकडची मी शिकलेच नाही, रुसव्यात राहिले आणि राहूनच गेलं. तिला जवळ घेतलं आणि थोपटलं. दुसरं काय करणार?

मग मावशीचे यजमान येऊन गेले. स्वतः आले, मोटारीने, मावशीला न आणता, तेव्हाच मी समजले की बोलणं गोड नसणार. बाबांजवळ खूप वेळ बसले. दोघं एके काळी एका खोलीत राहून परीक्षेचा अभ्यास करायचे. मी चहा घेऊन गेले तर प्रमुखसाहेब रुमालाने चष्मा पुसत होते आणि बाबाच त्यांना समजावत होते की तू तरी काय करशील. मला वाईट वाटलं त्यांचं, खरंच. एवढी मोठी खुर्ची, आणि तिच्यात बसूनही हा माणूस काही करू शकत नव्हता. जाताना मला म्हणाले, वहिनी, तुमच्या मुलीची बातमी कळली, फार अभिमान वाटला. मी म्हटलं, हो ना. दारात उभं राहून त्यांची मोटार वळेपर्यंत हात केला.

गेल्या आठवड्यात शिंपीणबाईला परत दाखवायला न्यायचं होतं. बाबा खिशातून हात काढेनात. घड्याळजीकाका जातो म्हणाले. त्यांना वाचता येतं, पण डॉक्टर घाईत असतात, लिहून देत नाहीत, भिंतीकडे बघून बोलतात. मला निदान ऐकू तरी येतं, म्हणून मी गेले. तुझी आई, भिंगरी, डॉक्टरांच्या खोलीत दुभाषी म्हणून उभी राहिली! डॉक्टरांनी विचारलं की हिला चक्कर येते का. मला चक्कर हा शब्द हातांनी सांगता येईना, म्हणून मी जागच्या जागी गोल फिरले. फिरले ती खरंच भोवंडले आणि डॉक्टरांच्या टेबलाला धरून उभी राहिले. शिंपीण हसली, परिचारिका हसली, डॉक्टरही हसले. तेवढ्यावर निभावलं असतं तर आज हे पत्र मी गमतीचं लिहिलं असतं.

मग डॉक्टर म्हणाले की हिच्या छातीत एक बारीकसं यंत्र बसवावं लागेल, ठोके सांभाळायला. लहानशी शस्त्रक्रिया आहे, पण तिला समजायला हवं आणि तिची संमती हवी. आता यंत्र कसं सांगायचं? मी शिलाईचं यंत्र करून दाखवलं, पायाने आणि हाताने. छातीवर हात ठेवला. मग कापायचं दाखवलं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी काय सांगितलं ते माझं मलाच कळेना. उठली आणि तडक घरी गेली. दुसऱ्या दिवशी दुकानदार सांगत आला की ती मशीनला साखळी आणि कुलूप लावून किल्ली गळ्यात घालून बसलीय. डॉक्टर तिचं मशीन काढून घेणार असं तिला वाटलं. तिच्या उपचारांच्या बदल्यात. दुकानदार खो खो हसला आणि मीही हसले, मग दार लावून घेतलं आणि ओट्याला टेकून रडले. दवाखान्यातून निरोप आला की उशीर करू नका. रोज संध्याकाळी ती आपल्या दाराशी येते, आत येत नाही, पायरीवर उभी राहते आणि पाळक कुठे एवढंच विचारते. तिचा पाळक शब्दही थरथरतो. बाबा आतल्या खोलीत असतात. मी जेवलीस का विचारते.

मी बाबांना म्हटलं, तुम्ही सावकाश सांगा, मी धरते तुमचं मनगट. तेही करून बघितलं. मी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांनी एकदाच असं म्हणून बघितलं. माझेच हात हलायला लागले. ते म्हणाले, सोड, तुला लागेल.

तर आता बाबा यायच्या आत जे लिहायला बसले ते लिहून टाकते. चष्मेवाला तरुण कुणी येत नाहीये. हातांची भाषा शिकलेली त्याची बायकोही कुठे नाही. मावशीचे यजमान हेच सांगायला आले होते की सगळीकडे विचारून झालं, कुणी तयार नाही. वर्ष संपलं की ही मंडळी बंद होणार आणि आपल्या माणसांना मोठ्या मंडळीत जोडणार, म्हणजे परत मागच्या बाकावर बसून हलणारी तोंडं बघणं आलं. हे कळल्यावरच बाबांनी तुला फोनवर ते सांगितलं. जागच्या जागी रचलं सगळं. खोटं बोलायची सवय नाही ना, म्हणून चष्म्यापर्यंत गेले. फोन बंद झाल्यावर मला म्हणाले की माझ्या हातांपायी तिला खाली उतरवायचं नाही आणि तू तिला एक अक्षर बोलणार नाहीस. मी लगेच कबूल झाले. किती आनंदाने कबूल झाले म्हणून सांगू! जन्मभर देवाकडे जे मागत होते ते देवाने नाही, तुझ्या बाबांनी दिलं, तेही स्वतःच्या तोंडाने खोटं बोलून. मी तुला बोलावत नाहीये, हे नीट वाच. मला तू तिथेच हवी आहेस, वर, चार पट्ट्यांत, आत्ता हे लिहितानासुद्धा. पण तू खरं समजून जे ठरवलंस ते खरं नाही, आणि ती बाई संध्याकाळी परत पायरीवर येऊन उभी राहील, आणि मी तिला जेवलीस का विचारीन. माझ्याने आता ते होत नाही गं. बाबांना बोल लावू नकोस. मलाही काही लिहू नकोस, येतेय म्हणून नाही आणि येत नाही म्हणूनही नाही. तू हे वाचून काय करशील ते मला पक्कं माहीत आहे, म्हणून तर महिना संपत आला तरी हे पत्र लिहायला माझा हात उचलत नव्हता.

तुझीच,
आई